चंगळवाद : हक्काची खरेदी आणि हप्त्याचा फास

'चंगळवाद' हा शब्द आपल्या व्याख्यानांतून नेहमी ऐकू येतो. पोरं महागडा मोबाईल घेतात, लग्नात उधळपट्टी होते, जयंतीला डीजेवर पैसा जातो, म्हणून वडीलधारी मंडळी चिडतात. चिडण्याला कारण आहे. पण ही चंगळ आली कुठून आणि कुणाच्या फायद्यासाठी आली, हे समजून घेतल्याशिवाय नुसतं चिडून भागणार नाही.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या समाजावर चांगल्या वस्तू वापरण्याचीच बंदी होती. १९२८ साली इंदूरकडच्या काही गावांत सवर्णांनी बलाई समाजाला हुकूम काढला. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं विहिरीचं पाणी आणि गुरांची चराई बंद झाली. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात ही हकीगत नोंदवून ठेवली आहे. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या मायबहिणींना सांगितलं होतं की, लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते, तो वेष टाकून द्या. म्हणजे आपल्यासाठी नीटनेटकं लुगडं हे बंड होतं. आज कुणी आपल्या पोराच्या नव्या बुटाकडे बोट दाखवून 'यांना माज आला' म्हणत असेल, तर त्याला हा इतिहास ऐकवावा.

आम्ही गिरणी कामगार. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी उभारली आणि १८५६ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. पुढे गिरण्या वाढल्या, कोकण-घाटावरून माणसं आली, त्यांत आपलेही आले. पण जास्त पगाराच्या विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढावं लागे, त्यात विटाळ मानला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. कापड आपल्या घामाचं, पण विणायची मनाई मुंबईत आणि चांगलं कापड नेसायची मनाई गावात, अशी ही दुहेरी कोंडी होती.

आता चंगळवादाचं मूळ पाहू. यंत्रामुळे माल भरमसाट निघू लागला, तेव्हा युरोप-अमेरिकेच्या मालकांपुढे प्रश्न पडला की एवढा माल घेणार कोण? पॅरिसमध्ये १८५२ पासून 'बॉन मार्शे' या दुकानाने एकाच छताखाली नाना वस्तू मांडल्या, प्रत्येकीवर ठरीव किंमत लावली. गरज नसली तरी माणूस नुसतं बघायला आत येऊ लागला. १८५६ मध्ये अमेरिकेत सिंगर कंपनीने शिवणयंत्र हप्त्याने द्यायला सुरुवात केली. फोर्डने १९१३ मध्ये मोटारींसाठी फिरता पट्टा आणला आणि १९१४ मध्ये रोज पाच डॉलर मजुरी जाहीर केली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने मोटारी विकायला कर्ज देणारी वेगळी कंपनीच काढली. मोठं उत्पादन, जाहिरात आणि उधारी, या तीन पायांवर चंगळवाद उभा आहे.

कामगाराला कर्ज नवं नव्हतं. १९३१ च्या व्हिटले कमिशनच्या अहवालात बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जात असल्याचं म्हटलं आहे. तेव्हा दारात पठाण दांडकं घेऊन उभा राही. तो दिसायचा तरी! आजचा सावकार मोबाईलमध्ये बसलाय, गोड बोलतो आणि हप्ता परस्पर बँकेतून कापून नेतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. एकीकडे चूल थंड, दुसरीकडे पडद्यावर रंगीत जाहिराती! १९९१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. त्याच साली नव्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. जिथे बाप माल तयार करत होता, तिथे लेक गिऱ्हाईक झाला. कामगार म्हणून आपली संघटना होती. गिऱ्हाईक म्हणून प्रत्येक जण एकटा आहे, हे मालकवर्गाला सोयीचंच आहे.

मग काय, फाटकं नेसून बसायचं? मुळीच नाही. भगवान बुद्धांनी गृहस्थाला दारिद्र्य शिकवलं नाही. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली : सचोटीने मिळवलेलं धन असण्याचं सुख, ते उपभोगण्याचं सुख, कर्ज नसल्याचं सुख आणि निर्दोष आचरणाचं सुख. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचा एक वाटा उपभोगाला, दोन वाटे कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायला सांगितलं आहे. उपभोग आहे, पण तो चारातला एक वाटा. चंगळवाद चारही वाटे खातो आणि वर पाचवा उसना आणायला लावतो.

ज्या वस्तू आपल्याला नाकारल्या होत्या, त्या आपण ताठ मानेने घेऊ. पण आपली किंमत वस्तूवरून ठरू देणार नाही. कालपर्यंत ती जातीवरून ठरवत होते, आज बाजार ठरवू पाहतो. घरात हप्त्याने वस्तू येण्याआधी पोरांची फी भरली का, चौथा वाटा बाजूला काढला का, हे नवरा-बायकोने एकत्र बसून पाहावं. कर्जमुक्त घर ही सुद्धा धम्माचीच शिकवण आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!