घरी घडविलेली मोटार

सोलापूरच्या भवानी पेठेत ज्यांनी काही दिवस काढले आहेत, त्यांस यंत्रमागाच्या खडखडाटाविषयी निराळे सांगावयास नको. भिंतीच्या एका अंगास चूल व दुसऱ्या अंगास माग अशी कित्येक घरे आमच्या पाहण्यात आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे प्रथम हातमाग व मागाहून यंत्रमाग मांडले, आणि सोलापुरी चादरीचे नाव त्यांनी दूरवर नेले. चादरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मागाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. धोटा अडकला, चक्राचा दात तुटला, शाफ्ट वाकला, की सुट्या भागासाठी पत्रव्यवहार करीत बसणे ह्या धंद्यास परवडत नाही. शेजारच्या गल्लीत लेथ असतो, त्यापलीकडे वेल्डिंगचे दुकान असते, आणि संध्याकाळच्या आत माग पुन्हा चालू होतो. कित्येक दशकांचे जुने माग आजही ह्या हातांच्या बळावर कापड काढीत आहेत.

अशाच एका ओळखीच्या घरी गेल्या वर्षी घडलेला प्रसंग ह्या लेखास निमित्त झाला. घरातील मुलगा यंत्रविद्येचा विद्यार्थी. मागाची अर्धी शेड रिकामी पडली होती, तेथे अमेरिकेत करितात तशी जुनी उघडी मोटार स्वतःच्या हाताने उभारावी असे त्याने मनात घेतले. चित्रे, मापे, भंगारवाल्यांकडील चौकशी, सर्व सिद्धता झाली होती. त्याच्या वडिलांचा विरोध पैशास नव्हता, जागेसही नव्हता. ते आम्हांस म्हणाले, “सर, गाडी तो करील हो. करणारच. पण पासिंग कोण करून देणार?”

ह्या प्रश्नास एक इतिहास आहे, आणि तो आमच्या मोटारीच्या इतिहासात सहसा सांगितला जात नाही.

त्या मुलाने जी गाडी मनात धरली होती तिला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात. रोडस्टर म्हणजे पक्के छप्पर नसलेली, बहुधा दोन माणसांची मोटार. हेन्री फोर्डने 1908 ते 1927 ह्या काळात आपल्या ‘मॉडेल टी’ ह्या एकाच जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी बाजारात ओतल्या. 1925 च्या सुमारास त्यांतील सर्वांत साधी गाडी 260 डॉलरला मिळत असे. पाठोपाठ 1928 ते 1931 मध्ये ‘मॉडेल ए’ आली, आणि 1932 साली आठ सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविण्याचा विक्रम फोर्डने केला. परिणाम असा झाला की 1935 ते 1940 च्या दरम्यान कॅलिफोर्नियातील भंगाराच्या आवारांत धडधाकट सांगाडे व इंजिने क्षुल्लक किमतीस पडून होती. पदरी पैसा नसलेल्या, परंतु हातात पाना धरता येणाऱ्या पोरांस ह्याहून अधिक काय हवे होते?

त्यांची रीत अशी. मॉडेल ए ची हलकी बॉडी घ्यावयाची व ती 1932 च्या अधिक मजबूत चासीवर बसवावयाची. मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजू, जे जे वेगास निरुपयोगी ते ते काढून टाकावयाचे. पुढचा आस वाकवून गाडीचे नाक खाली आणावयाचे. जुने ब्रेक दांड्यांनी ओढले जात. फोर्डने 1939 साली तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले, तेव्हा ते त्या सालच्या गाडीवरून काढून जुन्या आसावर चढवावयाचे. इंजिनाचे माथे तासून पातळ करावयाचे, म्हणजे आतील वायू अधिक दाबला जाऊन जोर वाढतो. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन किंवा तीन लावावयाचे. ह्यातील एकही काम कारखान्याचे नव्हे. घरामागील मोटारखान्यात, दोन मित्रांच्या मदतीने, रविवारच्या सुटीत होण्यासारखे ते होते. अशा गाड्या घेऊन ही मंडळी म्युरॉकच्या कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रात जात व वेगाची परीक्षा करीत. ह्या खेळास शिस्त लावण्याकरिता 1937 साली त्यांनी आपली एक संस्था काढली, आणि महायुद्ध संपवून परतलेल्या तरुणांची त्यात भर पडल्यावर, 1948 च्या जानेवारीत ह्या विषयास वाहिलेले मासिकही निघाले. इंजिनाचे सुधारलेले भाग करून विकणारे लहान कारखाने ह्याच पोरखेळातून उभे राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्या तरुणांनी मोटार निर्माण केली नाही. त्यांस ती वारशाने मिळाली. टाकून दिलेल्या वस्तूंचा ढीग दाराशी होता व त्यास हात लावावयास कोणाची मनाई नव्हती.

आता आपल्याकडे वळू. मोटारधंद्याचा हिंदुस्थानातील इतिहास सांगताना सोलापूरचे नाव टाळता येत नाही, कारण वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म 1882 साली ह्याच शहरात झाला. त्यांच्या उद्योगाची सुरुवातही जवळच, लक्ष्मणराव फाटक ह्यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर झाली. विश्वेश्वरय्या ह्यांनी मोटार कारखान्याची कल्पना मांडली, ती वालचंदांनी उचलली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणे केले. परकी सरकारने युद्धकाळात साहाय्य नाकारले तरी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. आणि 1947 साली तिची पहिली गाडी बाहेर पडली. ही हकीकत मोठी आहे व ती सांगितली जाते हे योग्यच. परंतु ही भांडवलाची हकीकत झाली. लेथवर उभ्या असलेल्या माणसाचा त्यात कोठे उल्लेख नाही.

त्या माणसाची हकीकत शोधावयाची तर सोलापुराहून पश्चिमेस, पंचगंगेकाठी इचलकरंजीस जावे लागेल. हेही मागांचेच गाव. विठ्ठलराव दातार ह्यांनी 1904 साली तेथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावच त्या धंद्याचे झाले. (महाराष्ट्राचे मँचेस्टर कोणते, ह्याविषयी सोलापूरकर व इचलकरंजीकर ह्यांचा वाद आहे, तो येथे नको.) ह्या गावी शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ राहत. शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. मध्यम स्थितीतील कुटुंबास झेपेल अशी लहान मोटार आपण करावी, हा ध्यास त्यांनी युद्ध संपण्याच्या सुमारास घेतला आणि 1949 साली दोन माणसांची पहिली गाडी रस्त्यावर आणली. तिचे नाव ‘मीरा’.

शंकरराव पहिल्या गाडीवर थांबले नाहीत. पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी नमुन्यामागून नमुने केले, प्रत्येकात आधीच्या गाडीची खोड काढून टाकीत. इंजिन मागील बाजूस ठेवले, म्हणजे ते व मागची चाके ह्यांच्यामधील लांब शाफ्ट वाचतो. लोखंडी पाट्यांच्या ऐवजी गाडीचा भार रबरावर तोलला. त्यामुळे सुट्या भागांची संख्या कमी झाली आणि वंगणाची कटकटही गेली. शेवटच्या नमुन्यांपैकी गाडी एका लिटरमध्ये वीस किलोमीटरच्या आसपास जात असे व ती सुमारे 12,000 रुपयांस देता येईल असा त्यांचा हिशेब होता. काळाचा विचार केल्यास ह्या आकड्यांचे मोल कळेल. तेव्हा देशात मोटारी करणाऱ्या कंपन्या जेमतेम तीन, त्यांच्या गाड्या जुन्या विलायती नमुन्यांवरच्या, आणि नाव नोंदविल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

मीरा कारखान्यातून कधीच निघाली नाही. ह्याचे कारण सांगताना सर्वजण एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात: परवाना. 1951 च्या उद्योग नियंत्रण कायद्याखाली परवान्यावाचून धंदा उभारता येत नव्हता आणि तो शंकररावांस मिळाला नाही, हे खरेच आहे. परंतु तेवढ्याने समाधान मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. 1970 साली लहान मोटारीचे इरादापत्र संजय गांधींस मिळाले. गुडगावजवळ जमीन मिळाली, नाव मिळाले, सत्तेचा आश्रय तर घरचाच होता. तरी ती कंपनी जनतेची मोटार न देताच बुडाली. आणि मारुती हे नाव धारण केलेली गाडी 1983 च्या डिसेंबरात लोकांच्या हाती आली ती सुझुकी ह्या जपानी कंपनीच्या विद्येवर. म्हणजे एकाजवळ कागद होते व गाडी नव्हती, दुसऱ्याजवळ गाडी होती व कागद नव्हते. मध्ये जे लागते, ओतकाम करणारे, काचा व टायर पुरविणारे, पहिल्या हजार गाड्यांचा तोटा सोसणारे भांडवल, ते दोघांसही नव्हते. 12,000 रुपयांचा हिशेब हजारोंनी गाड्या निघतील तरच खरा ठरणार होता. एका कारागिराच्या शेडमध्ये तो कागदावरच राहणार, हे मान्य केल्याने शंकररावांचे मोठेपण रतिभरही कमी होत नाही.

खरा तोटा आम्हांस निराळाच दिसतो. आपल्याकडे टाकून दिलेली मोटार कधी उरलीच नाही. जी होती ती शेवटच्या दमापर्यंत धावत ठेवणे भाग होते. म्हणून येथील फिटरचे सारे कौशल्य गाडी होती तशीच राखण्यात गेले. कॅलिफोर्नियातील पोरगा तेच कौशल्य गाडी बदलण्यात खर्ची घालीत होता. भवानी पेठेतला माग जो राखतो तो ह्याच परंपरेतला. त्याच्या हातात कमी नाही. त्याला बिघडविण्याजोगी वस्तू कधी कोणी दिली नाही. बिघडविल्यावाचून नवे सुचत नाही, हे ज्याने लहानपणी घड्याळ उघडून मार खाल्ला आहे त्यास पटेल. ह्या दृष्टीने पाहता शंकरराव हे अपवादच होत.

आज तर भंगार विपुल आहे. जुन्या जीपा आहेत, दुचाकीची इंजिने आहेत, वेल्डिंगचे यंत्र कोणासही घेता येते. परंतु 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे की नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत त्याचा अर्थ कडकपणेच लावला. मुळापासून नवी गाडी करावी म्हटले तर तिचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ती परीक्षा हजारो गाड्या करणाऱ्यासाठी बेतलेली आहे. कायदा निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. घरी जोडलेल्या ब्रेकवर परक्याच्या मुलाचा जीव टांगलेला असतो, आणि कॅलिफोर्नियातील त्या तळ्यांवर व रस्त्यांवरही माणसे मेलीच. परंतु एकच गाडी, स्वतःपुरती, करू पाहणाऱ्यास तपासून घेणारी एखादी लहान खिडकी इंग्लंडात आहे. तेथे एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा घेऊन तिला रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडे ती उघडावी असे कोणास वाटलेले दिसत नाही.

2021 च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातील लोखंड व दुचाकीचे सामान जोडून मुलासाठी लहानशी जीप केली. सुमारे साठ हजार रुपये खर्च आला. किक मारून ती सुरू होई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली ज्या माळावर आपली वाडी वसविली, तो माळ तेथून दूर नाही. गाडीची चित्रे सर्वत्र गेली, आणि महिंद्र कंपनीचे आनंद महिंद्र ह्यांनी कौतुक करून जाहीर सांगितले की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. तेव्हा तिच्या बदल्यात आपण नवी बोलेरो देऊ. 2022 च्या जानेवारीत तसे झाले. बोलेरो देवराष्ट्र्यास आली, व ती लहान जीप कंपनीच्या संशोधनकेंद्रात पाहण्याची वस्तू म्हणून ठेवण्याकरिता गेली.

ही हकीकत आम्ही भवानी पेठेतील त्या मुलास सांगितली. त्याने विचारले, “मग त्यांनी दुसरी केली का?”

शेडच्या कोपऱ्यात एका जुन्या जीपची चासी आता विटांवर उभी आहे. वडिलांनी तिच्यावर सुताची पोती ठेवावयाचे अद्याप टाळले आहे.