एकच इंजिन, दोन पाट्या

गेल्या हिवाळ्यात कॉव्हेंट्रीहून भाच्याचा फोन आला. "मामू, जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे. ट्रायम्फ स्पिटफायर घेऊ की एमजी मिजेट?" साठवलेल्या काही हजार पौंडांत बसेल तीच घ्यायची, व्याजाने कर्ज काढायचे नाही, हे त्याने आधीच ठरवले होते. त्याचे मन स्पिटफायरकडे ओढत होते. त्याचे अब्बा, म्हणजे माझे दुल्हाभाई, रत्नागिरीहून त्या शहरात गेले आणि निवृत्त होईपर्यंत एका फाउंड्रीत राबले. स्पिटफायर कॉव्हेंट्रीतल्याच कॅनलीच्या कारखान्यात बनत असे. "अब्बांच्या शहराची गाडी आहे," तो म्हणाला.

मला गाड्यांतले फार कळत नाही. म्हणून म्हटले, आधी दोघींची घराणी पाहू.

मिजेट आली १९६१ साली, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधून. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. पुढच्याच वर्षी ट्रायम्फने स्पिटफायर आणली. तिचे रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉत्तींनी रेखाटले आणि चासी बेतली ती ट्रायम्फ हेराल्डच्या चासीवरून. ही हेराल्ड आपल्या ओळखीची आहे. १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' नावाने ती तयार होत असे. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना स्पिटफायर दूरची नातेवाईक वाटायला हरकत नाही.

दोघी छोट्या, दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या आणि बेताच्या किमतीच्या. ज्याला जग्वार परवडत नाही, अशा तरुणासाठी बनवलेल्या. मिजेट वळणावर नेटकी, पण आत बसायला अडचणीची. स्पिटफायर ऐसपैस, बॉनेट उलटले की अख्खे इंजिन हाताशी. मात्र सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये एक खोड होती. वेगात वळताना ॲक्सिलरेटर अचानक सोडला, तर मागचे चाक आत मुडपत असे. १९७० च्या मार्क फोरमध्ये ही खोड बऱ्याच अंशी गेली.

खरा इतिहास पुढे आहे. १९६८ साली दोन्ही कंपन्या ब्रिटिश लेलँड या एकाच छत्राखाली आल्या. शोरूममधल्या वैरिणी एका घरच्या सुना झाल्या. तरीही पाट्या वेगळ्या ठेवल्या गेल्या, कारण एमजीचा चाहता ट्रायम्फला आणि ट्रायम्फचा एमजीला नाक मुरडत असे. मग १९७४ साली अमेरिकेच्या नियमांमुळे मिजेटला काळे रबरी बंपर लागले, आणि तिचे जुने १२७५ सीसीचे इंजिन काढून तिथे १४९३ सीसीचे बसवले गेले. ते होते ट्रायम्फचे, म्हणजे स्पिटफायरचे! बाहेर लोक पाट्यांवरून भांडत राहिले आणि आत एकच काळीज धडधडत होते.

पुढे घरालाच घरघर लागली. १९७५ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. १९७९ अखेर मिजेट थांबली, १९८० च्या ऑगस्टमध्ये स्पिटफायर, आणि त्याच वर्षी ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. सव्वादोन लाखांहून अधिक मिजेट आणि तीन लाखांहून अधिक स्पिटफायर निघाल्या होत्या. आज एमजीची पाटी चिनी कंपनीकडे आहे आणि त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. मोटारींवरची ट्रायम्फची पाटी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे आहे. पाटीवर जीव टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो हसून म्हणाला, "म्हणजे लाल मिजेट घेतली, तरी इंजिन अब्बांच्या शहराचेच?" त्याने दोन गाड्या हेरल्या होत्या. एक १९७६ ची लाल मिजेट, आरशासारखी चकचकीत. दुसरी १९७२ ची स्पिटफायर, रंग उडालेली, टपाचे कापड फाटलेले. दोन्ही चाळीस वर्षांपलीकडच्या, त्यामुळे तिथल्या कायद्याने रोड टॅक्स माफ. किंमत जवळपास सारखी.

मी एकच गोष्ट सुचवली. आपल्या नबींच्या चरित्रात बाजारातल्या धान्याच्या ढिगाचा प्रसंग आहे. वरचे धान्य कोरडे होते, त्यांनी आत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. दोष झाकून विकणाऱ्याला त्यांनी तिथेच जाब विचारला. "तूही ढिगात हात घाल," मी म्हणालो. या गाड्यांची ओल म्हणजे गंज. दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या कुजल्या, तर मिजेटचा कणाच जातो. स्पिटफायरला चासी असली, तरी तिची ताकदही बरीचशी त्या पेट्यांवर असते. इंजिन पुन्हा बांधता येते, पण कुजलेला सांगाडा कापून जोडण्यात गाडीच्या किमतीहून जास्त पैसे जातात.

भाचा खिशात लोहचुंबक घेऊन गेला. लाल मिजेटच्या दाराखाली ते चिकटलेच नाही. रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी भरलेली होती. विकणारा काही बोलला नाही. स्पिटफायरच्या मालकाने मात्र न विचारताच दोष सांगितले: टप गळतो, दुसरा गिअर कुरकुरतो, ही वेल्डिंगची पावती. तिथे चुंबक टोकापासून टोकापर्यंत चिकटले.

स्पिटफायर घरी आली. पहिल्या दिवशी भाच्याने दुल्हाभाईंना शेजारी बसवून कॅनलीपर्यंत नेले. तिथे आता कारखाना नाही. दुल्हाभाई थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पाऊस येईल, टप लाव." टप अजून फाटलेलाच होता.