मान तुकवलेली माणसं

सातवीत इतिहासाच्या बाईंनी विचारलं होतं, "श्रद्धेवर ठाम राहणं म्हणजे काय?" मी वहीत एका ओळीत उत्तर लिहिलं, 'मान तुकवायची नाही.' डोळ्यांसमोर अर्थातच आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. त्यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ होती. वसईत जन्म, लहान वयात जपानला प्रयाण, पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर आणि दुभाषा. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण.

शाळा सोडल्यावर वीसेक वर्षांनी कंपनीच्या कामासाठी जपानला गेले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी नागासाकी गाठलं. टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचे पुतळे एका ओळीत आहेत. आपल्या गावच्या माणसासमोर उभी राहिले आणि घसा दाटून आला. पण मला खरं विचारात पाडलं ते त्यांच्यानंतरच्या साध्या माणसांनी.

१६१४ मध्ये तोकुगावा सरकारने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केलं, लपून राहिलेल्यांना शोधून मारलं. नागासाकीत दरवर्षी लोकांना येशूच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे. पुष्कळांनी तो दिला. मग घरी येऊन, दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली.

उराकामी गावात त्यांनी कामं वाटून घेतली होती. एक जण पंचांग सांभाळी आणि नाताळ, ईस्टर कधी ते सांगे. दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई. तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. प्रार्थना तोंडपाठ होत्या. त्यातले लॅटिन शब्द झिजले, अर्थ पुसट झाले, पण म्हणणं थांबलं नाही. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत ते मरियामाता पाहत. धर्मगुरू नसताना दोनशेहून अधिक वर्षं हे असं चाललं.

१७ मार्च १८६५ रोजी, परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामीची काही माणसं आली. एका बाईने फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच सांगितलं, की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. आणि मरियामातेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. बंदी अजून उठली नव्हती. पुढे गावातल्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केलं गेलं, त्यातले सहाशेहून अधिक दगावले. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. परतलेल्यांनी चर्च बांधलं ते गावप्रमुखाच्या घराच्या जागी, जिथे त्यांना प्रतिमेवर पाय द्यायला लावत. १९४५ च्या अणुबॉम्बने ते पाडलं; लोकांनी ते पुन्हा उभारलं.

परतीच्या विमानात माझी मुलगी आठवत होती. आजीजवळ बसून मी रोज संध्याकाळी जपमाळ म्हणत असे. मुलीला मी ती शिकवलीच नव्हती. मला कोणी अडवलं नव्हतं. कामाचा व्याप, एवढंच कारण.

बाई, सातवीतलं ते उत्तर मला आता बदलायचं आहे. संतांनी मान तुकवली नाही, हे खरंच. पण ज्यांना ती तुकवावी लागली, त्यांनीही घरी जाऊन मुलांना प्रार्थना शिकवली. तेही ठाम राहणंच होतं.

घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी मुलीला जवळ बसवलं. मधल्या दोन ओळी मीच विसरले होते. आईला फोन करून विचारल्या.