अन्नप्राशन आणि कुलाचार

मुलाला कोणत्या अन्नाची गोडी लागावी हें बव्हंशीं त्याचें घर ठरवितें. पोथीचें त्यांत कितपत चालतें, याचा एक दाखला अन्नप्राशन-संस्कारांत मिळतो. आश्वलायन गृह्यसूत्रांत सहाव्या महिन्यांतील हा विधि सांगतांना पित्याच्या कामनेप्रमाणें अन्न बदललें आहे: अन्नसमृद्धि हवी असल्यास बोकडाचें मांस, ब्रह्मवर्चसासाठीं तित्तिर पक्ष्याचें, तेजासाठीं तूपभात. पारस्कर तर मुलाची वाणी ओघवती व्हावी म्हणून भारद्वाजी पक्षिणीचें मांस आणि वेगासाठीं मासे सांगतो.

आतां महाराष्ट्रांतील ऋग्वेदी ब्राह्मणांचीं घरें बहुतेक आश्वलायन सूत्राचीं. परंतु त्यांच्या उष्टावणांत मुलाच्या ओठीं लागते ती खीर. सूत्राचा पाठ तसाच राहिला आणि वर्ज्य ठरलेलें मांस घरानें परस्पर गाळलें. मनूनेंही सहावा महिना सांगून, अथवा कुळांत जें मंगल मानीत असतील तें करावें, अशी मोकळीक ठेविली आहे. आमच्या मतें अखेर हीच मोकळीक प्रबळ ठरली.

कन्येसाठीं आश्वलायन हाच विधि सांगतो, पण मंत्रावांचून. म्हणजे पहिला घांस तिलाही होता. पुढें भावाच्या व तिच्या पानांत काय काय पडलें, तें सूत्रावरून कळत नाहीं. तें कळलें तर घरखर्चाच्या कागदांवरूनच कळेल. आम्ही संग्राहक सनदा जपतों आणि वाणसामानाच्या यादी रद्दींत घालतों. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हें घडलें आहे. कोणाच्या रुमालांत बारशाच्या वा उष्टावणाच्या खर्चाची याद असल्यास तिची नक्कल अवश्य करून ठेवावी.