रविवारची पाळी

दलितांच्या धर्मांतराचा इतिहास लिहिताना आपण १९५६ पासून सुरुवात करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. नागपूरच्या त्या धर्मांतरामागे समूहाची स्वतःची जाणीव होती, स्वतःचा नेता होता. परंतु त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीच महार-मांगांतील काही माणसे ख्रिस्ती होऊ लागली होती. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर ‘पोटासाठी बाटले’ म्हणून, नाही तर मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे आभार मानून. दोन्हींत तो धर्म स्वीकारणारा माणूस मात्र कोठेच नसतो. बाप्तिस्मा झाल्यावर सोमवारी सकाळी त्याने काय केले, कोणाच्या दारी गेला, काय खाल्ले, कोणाला काय म्हणून हाक घातली, हे कोणी विचारत नाही. मी अशाच एका घरात वाढलो. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातील एका खेड्याच्या महारवाड्यात ख्रिस्ती झाले. त्यामुळे मला त्या सोमवारची चौकशी करावीशी वाटते.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. तेथील पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. तिच्यात मिशनच्या अनाथगृहात आश्रयाला आलेले महार होते आणि बाबाजी हा ब्राह्मणही होता. बाबाजी त्याच वर्षी पटकीने गेला. तीन वर्षांत, १८३६ मध्ये, त्याचे चरित्र अमेरिकेत पुस्तकरूपाने छापून निघाले. अनाथगृहातल्या महारांचे चरित्र कोणी लिहिले नाही. येथूनच पुढच्या साऱ्या इतिहासाचे वळण ठरले असे मला वाटते. मराठी ख्रिस्ती माणसाचे अंतरंग आपल्याला ठाऊक आहे ते बाबा पदमनजींच्या, रेव्हरंड टिळकांच्या, लक्ष्मीबाईंच्या लेखनातून. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपले सोवळे कसे एकेक पायरीने सुटत गेले हे मोठ्या प्रांजळपणे सांगितले आहे, आणि त्या पुस्तकाचा मोठेपणा मी मानतो. पण ज्याच्या हातचे पाणी पिण्यापर्यंत त्या आल्या, त्या माणसाच्या बाजूने हीच गोष्ट कशी दिसत होती? त्याला सोडायला सोवळे नव्हतेच. त्याने सोडले ते वेगळेच.

पहिली गोष्ट, त्याने पडीचे मांस सोडले. गावात ढोर मेले की ते ओढून नेणे हे महाराचे काम, आणि त्याचे मांस हा त्याचा ‘हक्क’. चान्या वाळवून मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात त्यांवर दिवस काढायचे, ही आमच्या घरांची शिदोरी होती. आजी सांगे की पणजीने ते मडके उकिरड्यावर नेऊन फोडले, तेव्हा सासू आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. सासूचे काय चुकले? घरात दुसरे अन्न नव्हते. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते आपण सारे जाणतो. त्याआधीची ही एकेकट्या घरांतील मडकी कोणत्याच ठरावात नोंदली गेली नाहीत.

दुसरी गोष्ट रविवारची. वतनदार महाराला सुट्टी हा शब्द माहीत नव्हता. येसकराची पाळी घरावर आली की चावडीपुढे उभे राहायचे, सांगावा घेऊन जायचे, मयताची खबर कोसभर लांबच्या सोयऱ्यांना पोचवायची, साहेबाचा घोडा धरायचा, लाकडे फोडायची, आणि संध्याकाळी घरोघर ‘भाकर वाढा’ म्हणून हिंडायचे. मिशनचा मास्तर सांगे, रविवारी काम करू नये. अमेरिकेत वाढलेल्या मिशनऱ्याला ही दहा आज्ञांतली एक आज्ञा होती. गावात मात्र ती गावकीच्या मुळावर येत होती. पाटलाने पणजोबांना बजावले, की तू देव बदललास, गावकी बदललेली नाही. शेवटी तडजोड निघाली. ख्रिस्ती न झालेला चुलतभाऊ रविवारची पाळी करी आणि त्याच्या बदल्यात पणजोबा त्याचे दोन दिवस भरून देत. त्या दोन दिवसांची भाकरही चुलतभावाची. म्हणजे एका रविवारची किंमत दोन दिवसांचे राबणे आणि दोन दिवसांची भाकर. ही किंमत माणूस आठवड्यामागून आठवडा कशासाठी मोजतो? केवळ प्रवचन ऐकण्यासाठी नक्कीच नाही. त्या एका दिवशी गावातल्या कोणालाही त्याला हाक मारून बोलावण्याचा अधिकार नव्हता. तो धुतलेले धोतर नेसून चार कोस चालत जाई, प्रभुभोजनाला बसे आणि रात्री परत येई.

वाट्याची जमीन धर्म बदलल्यामुळे जाऊ नये म्हणून सरकारने १८५० मध्ये कायदा केला होता. परंतु दारात पडणारी भाकर ही काही कायद्यातली मिळकत नव्हे. ती रोखायला गावाला कोणाची परवानगी लागत नसे.

तिसरे म्हणजे जोहार. ‘जोहार मायबाप’ म्हणत वाकणे सुटले आणि आमच्या घरात ‘सलाम’ आला. नगरकडचे ख्रिस्ती आजही एकमेकांना सलाम करतात. आपापसांतला हा सलाम सरळ उभे राहून करता येई, म्हणून त्याचे अप्रूप. नावेही बदलली. कचरू, धोंडी, दगडू या नावांच्या जागी याकोब, शमुवेल, रूथ, एस्तेर आली. गाव अर्थात जुन्याच नावाने हाक मारी, तेही एकेरी.

आणि अक्षर. ज्ञानोदय १८४२ मध्ये निघाला. त्याच ज्ञानोदयात १८५५ मध्ये मुक्ता या मांग मुलीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, ख्रिस्ती झालेली नव्हे. आणि जोतीरावांनी आपली शाळा काढण्यापूर्वी नगरला मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहिली होती. माणसे आणि विचार असे इकडून तिकडे जात होते, ते धर्माच्या खात्यांत वेगवेगळे मांडता येत नाहीत. आमच्या घरात बायबल वाचण्यासाठी शिकलेल्या पणजोबांनी पुढे महारवाड्याला तलाठ्याचे कागद वाचून दाखवले. कागदावर अंगठा घेण्याआधी ‘थांबा, याकोबाला येऊ द्या’ असे म्हणण्याची प्रथा पडली होती, असे आजी अभिमानाने सांगे.

आता पोटाचा आक्षेप. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत बाप्तिस्म्यांची संख्या वाढली हे खरे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पणजोबाही शेवटच्या दुष्काळातलेच. पण मला या आक्षेपाची गंमत वाटते. पिढ्यान् पिढ्या महार गावाच्या दारात शिळ्या भाकरीसाठी उभा राहिला, तेव्हा तो पोटासाठी हिंदू राहिला असे कोणी म्हटले नाही. त्याने दार बदलले तेव्हाच त्याचे पोट लोकांच्या डोळ्यांत आले. शिवाय दुष्काळ संपल्यावर जे राहिले, ज्यांनी रविवारची किंमत मोजली, त्यांचा हिशेब या आक्षेपात बसत नाही.

तरीही एवढ्यावर थांबलो तर मी आमच्या लोकांचे गुणगान करत बसलो असे होईल. हा नकार पुढे फार गेला नाही. खेड्यातून उठून माणसे मिशनच्या आवारात राहायला आली. तेथे मास्तरकी, शिपाईगिरी, दवाखान्यातली नोकरी मिळाली, अंगावर स्वच्छ कपडे आले. पण पाटलाला करायचा जोहार आता टोपी काढून साहेबाला करायच्या सलामात शिरला. प्रभुभोजनाच्या मेजाशी सारे एक होते. सोयरिकीची बोलणी निघाली की महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हे वेगळे होत. आजही ते पुष्कळ ठिकाणी वेगळेच आहेत. दक्षिणेत तर चर्चमध्ये जातवार बसण्याचा वाद इतका चिघळला होता, की १८३३ मध्ये बिशप विल्सन यांना जातिभेद ताबडतोब व कायमचा सोडा असे पत्र काढावे लागले. पत्राने जात गेली नाही.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयीचा आपला आदर बोलून दाखवला, आणि ख्रिस्ती समाजाची राजकारणाविषयीची उदासीनता व चर्चमध्ये शिरलेली जात यांबद्दल खडसावलेही. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या एका इंग्रजी लेखात त्यांचा मुद्दा याहून खोल आहे. हिंदू असताना अस्पृश्याला त्याची अवनती पूर्वकर्माने झाली असे शिकवले, ख्रिस्ती झाल्यावर ती आदिपापाने झाली असे शिकवले. दोन्हींत भोवतालची समाजव्यवस्था निर्दोष सुटली. मला हे पूर्णपणे पटते. वतनाच्या गुलामीविरुद्ध त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. आमची घरेही त्याच वतनाखाली पिचलेली. पण माझ्या ऐकण्यात आमच्या मंडळीतून त्या लढ्यासाठी कोणी घराबाहेर पडल्याचे नाही. रविवारसाठी दोन दिवस देणाऱ्या माणसाच्या मुलांनी आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांविषयी चर्चमध्ये चकार शब्द काढला नाही. ती कनिष्ठ वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली, आणि त्याचा लाभ आम्हालाही झाला.

स्वातंत्र्यानंतर या रोजच्या श्रद्धेला वेगळाच पेच पडला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज कोणाला अनुसूचित जातीत धरायचे नाही असे ठरले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या सूसाई या माणसाला, तो ख्रिस्ती म्हणून, अनुसूचित जातीच्या चांभारांना सरकार फुकट देत असलेली टपरी मिळाली नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतरही पूर्वीइतकेच जाचक मागासलेपण कायम राहते हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही ख्रिस्ती दलिताला नाही. वस्ती तीच, शिवी तीच, मार तोच, फक्त कलम लागत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला, तो हाच प्रश्न पुन्हा तपासण्यासाठी.

दरम्यान माणसांनी आपापली वाट काढली. दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि घरात येशूची तसबीर, अशी कितीतरी कुटुंबे मला शिक्षकाच्या नोकरीत भेटली. चर्चमधले लोक त्यांना खोटे ख्रिस्ती म्हणतात, आपल्यातले काही जण सवलतचोर म्हणतात. पणजोबांनी रविवारची पाळी चुलतभावाला दिली तेव्हा तेही काही प्रमाणात असेच दोन हिशेब सांभाळत होते, हे मी दोघांनाही सांगत असतो. आमच्याच भावकीत दोन सख्ख्या भावांपैकी थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ आहे आणि धाकट्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. धाकट्याचा मुलगा शिष्यवृत्तीवर इंजिनियर झाला. थोरल्याचा मुलगा बारावीनंतर कारखान्यात लागला. त्या मुलाने आता मला विचारले आहे, की आपल्या मुलीचे नाव शाळेत घालताना जातीच्या रकान्यात काय लिहू.