धुराचा जमाखर्च

लढाया, तह आणि राज्यारोहणे ह्यांचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. हवेचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. हवा मागे ताम्रपट ठेवीत नाही की शिलालेख ठेवीत नाही. कालची वाईट हवा आज वाऱ्यावर निघून जाते आणि तिने कोणाचे काय नेले ह्याचा पुरावाही तिच्याबरोबरच जातो. असे असूनही एका शहराने आपल्या धुराचा जमाखर्च, मोडकातोडका का होईना, साडेतीनशे वर्षे लिहून ठेवला आहे. ते शहर म्हणजे लंडन. साम्राज्याच्या राजधानीचे वैभव सांगणारे ग्रंथ मी पाहिले आहेत, परंतु तिची खरी ओळख मला ह्या काळ्या खतावणीत अधिक पटते.

खतावणीची पहिली दोन पाने जवळजवळ एकाच वेळी लिहिली गेली. १६६१ साली जॉन ईव्हलिन ह्या विद्वान गृहस्थाने ‘फ्युमिफ्युजियम’ नावाची पुस्तिका लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केली. दगडी कोळशाच्या धुराने लंडनचे लोक खोकत आहेत, तेव्हा धूर करणारे धंदे शहराबाहेर न्यावेत आणि भोवती सुगंधी झाडे लावावीत, असे त्याचे म्हणणे. पुस्तिका वाचली गेली. धूर होता तसाच राहिला. पुढच्याच वर्षी जॉन ग्राँट ह्या कापडाच्या व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या घेऊन त्यांची बेरीज-वजाबाकी मांडली. लंडनची हवा मानवत नाही ह्याचे एक कारण त्यानेही कोळशाचा धूर हेच दिले. ईव्हलिनपाशी नाक होते, ग्राँटपाशी मृत्यूंचे आकडे होते. धूर किती, हे सांगणारा आकडा मात्र दोघांपाशीही नव्हता, आणि तो हाती यायला अडीचशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळात धुके दाट होत गेले. १८७३ च्या डिसेंबरात गुरांच्या प्रदर्शनासाठी आणलेली जनावरे लंडनच्या धुक्यात गुदमरून मेली. १९०५ मध्ये डॉ. देव्हो ह्यांनी धूर आणि धुके ह्यांचे इंग्रजी शब्द जोडून ‘स्मॉग’ हा शब्द रूढ केला. रोगाला नाव मिळाले. माप मिळाले ते १९१२ नंतर. त्या वर्षी सर नेपियर शॉ ह्या हवामानशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली हवेच्या दूषिततेचा तपास करणारी समिती नेमली गेली. तिचे साधन अगदी साधे होते. उघड्यावर एक मोठे नरसाळे ठेवायचे, खाली बाटली. महिनाभरात पावसाबरोबर आणि पावसावाचून जे काही खाली पडेल ते वाळवून तोलायचे आणि दर चौरस मैलाला किती टन काजळी पडली ह्याचा हिशेब करायचा. समितीचे चिटणीस डॉ. ओवेन्स ह्यांनी पुढे असे यंत्र केले की ठरावीक हवा पांढऱ्या कागदातून ओढली जाई आणि उमटलेल्या डागाचा काळेपणा छटांच्या पट्टीशी ताडून पाहता येई.

ह्या दोन साधनांतला फरक मला फार बोलका वाटतो. जे खाली पडते ते नरसाळे मोजते, म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि इमारतींचे नुकसान मोजते. जे पडत नाही, तरंगत राहते आणि श्वासाबरोबर आत जाते, ते कागदावर उमटते. कपड्यांपासून फुप्फुसांपर्यंत यायला शास्त्रालाही वेळ लागला.

मग १९५२ साल उजाडले. ५ डिसेंबरला थंड, निर्वात हवेचा थर शहरावर बसला. वर उबदार हवेचे झाकण. घरोघरच्या शेगड्यांत हलक्या प्रतीचा कोळसा जळत होता. पाच दिवस बसगाड्यांपुढे माणसे मशाली घेऊन चालत होती. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके शिरल्याने संगीतिकेचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. एवढे सारे डोळ्यांना दिसत होते, पण माणसे मरत आहेत हे मात्र कोणाला दिसले नाही. मरणारे म्हातारे, तान्ही मुले, दम्याचे आणि हृदयाचे रोगी. ते आपापल्या घरी, आपापल्या खाटेवर गेले. शवपेट्या आणि फुले कमी पडू लागली तेव्हा कुठे शंका आली. मृत्यूंची नोंद जुळवली तेव्हा १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात विस्तीर्ण लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू निघाले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ते १,८५२ होते.

ह्या वेळी दुसरी वही तयार होती. शहरात जागोजागी रोजच्या रोज हवा कागदातून गाळून धूर मोजला जात होता आणि तीच हवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणातून नेऊन गंधकाच्या वायूचे प्रमाण काढले जात होते. विल्किन्स ह्या संशोधकाने धूर, गंधकवायू आणि मृत्यू ह्यांच्या तीन रेषा एकाच आलेखावर काढल्या. तिन्ही बरोबरच चढल्या. ईव्हलिनचे नाक आणि ग्राँटच्या याद्या ह्यांची गाठ अखेर तिथे पडली.

तरीही सरकार सहजी वळले नाही. पुढच्या दोन महिन्यांतले जादा मृत्यू इन्फ्लुएंझाच्या खाती टाकले गेले. पुढे २००१ साली संशोधकांनी तो हिशेब पुन्हा तपासला आणि एकूण मृत्यू सुमारे १२,००० असावेत असे दाखवले. पण चार हजार हा आकडाही पुरेसा होता. सर ह्यू बीव्हर ह्यांच्या समितीनंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घरातल्या शेगडीवरही पहिल्याने बंधन आले. १९६१ पासून साऱ्या देशात धूर मोजण्याचे जाळे पसरले.

काळा धूर ओसरला, पण काजळीत दडलेले विष निराळेच होते. १७७५ मध्येच लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी लावला होता. १९३३ साली त्याच शहरात केनवे ह्यांच्या सहकाऱ्यांनी डांबरातून बेंझोपायरीन हे कर्करोगजनक द्रव्य वेगळे काढले. ते डोळ्यांना दिसत नाही, कागदावरच्या डागावरूनही कळत नाही. ते स्वतंत्रपणेच मोजावे लागते.

ह्या खतावणीचे एक पान आपल्याकडेही उघडते. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ सालीच झाला होता. नागपूरच्या ‘नीरी’ने १९७८ पासून देशातील मोठ्या शहरांची हवा नियमित मोजायला घेतली. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा दूषकांची यादी आली. तिच्यात शिसे, आर्सेनिक, निकेल आणि बेंझीनबरोबर ते बेंझोपायरीनही आहे. त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला एक नॅनोग्रॅम. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ यंत्रणा २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. सूक्ष्म धूलिकणांची आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ५. ह्या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपली शहरे श्वास घेत आहेत.

मोजून काय होते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. हवा काही यंत्राने शुद्ध होत नाही, हे खरेच. त्यांना मी लंडनचीच एक नोंद सांगतो. २०१३ मध्ये त्या शहराच्या दक्षिण भागात दम्याने आजारी असलेली नऊ वर्षांची एक मुलगी वारली. तिच्या घरापासून सुमारे मैलभर अंतरावर हवा मोजणारे एक ठाणे होते. त्याच्या वहीत मर्यादेबाहेरचे आकडे वर्षानुवर्षे मुकाट्याने उतरत होते. आईने हट्ट धरला, चौकशी पुन्हा उघडली, तज्ज्ञाने ती वही पुढे ठेवली. आणि २०२० मध्ये तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद झाली. ग्राँटने मृत्यूच्या याद्या चाळल्या त्याला तेव्हा ३५८ वर्षे झाली होती. तेवढ्या काळात किती जणांच्या नावापुढे दुसरेच कारण लिहिले गेले असेल, त्याचा हिशेब आता मागूनही मिळणार नाही. म्हणूनच आजची वही कोरी राहता कामा नये.