वाजिमा

वाजिमा हे जपानच्या इशिकावा प्रभागातील एक छोटे शहर आहे. ते होन्शू बेटावरील नोतो द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर वसले असून २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५ हजारांहून कमी होती. लाखेची भांडी, सकाळचा बाजार आणि समुद्राकडे उतरत जाणारी भातखाचरे ही येथील मुख्य आकर्षणे होत. १ जानेवारी २०२४ रोजीच्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपात या तिन्हींची मोठी हानी झाली.

वाजिमा-नुरी

येथील भांड्यांना 'वाजिमा-नुरी' म्हणतात. त्यांसाठी वापरली जाणारी लाख भारतातल्याप्रमाणे कीटकांपासून मिळत नाही; तो उरुशी वृक्षाचा चीक असतो आणि सुकण्याऐवजी दमट हवेत घट्ट होतो. लाकडी वाडग्याचा काठ व बूड हे लवकर झिजणारे भाग कापड चिकटवून बळकट करतात. मग स्थानिक डायटमी माती भाजून, दळून केलेली पूड ('जिनोको') चिकात मिसळून तिचे थर देतात. या भांड्यांचा टिकाऊपणा मुख्यतः या अस्तरामुळे येतो. वरची झळाळी हे शेवटचे काम. एका वाडग्यामागे शंभराहून अधिक टप्पे असतात. लाकूड कातणारा, अस्तर देणारा, अखेरचा लेप चढवणारा आणि कोरलेल्या रेषांत सोने भरणारा असे कारीगर वेगवेगळे असतात. त्यामुळे भूकंपात एकाची कार्यशाळा गेली, तरी पुढच्याचे काम अडते. १९७७ साली जपान सरकारने या कलेला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

बाजार व खाद्यपदार्थ

सकाळच्या बाजारात प्रामुख्याने स्त्रिया ताजी व सुकी मासळी, भाजीपाला आणि मासळी मिठात आंबवून केलेला 'इशिरू' हा रस विकत. भूकंपानंतरच्या आगीत या परिसरातील सुमारे २४० इमारती जळाल्या. त्यानंतर विक्रेत्यांनी कानाझावासह इतरत्र फिरता बाजार भरवला. किनारा उचलला गेल्याने बंदर उथळ झाले व मासेमारी नौका अडकून पडल्या.

निसर्ग

शिरोयोने सेनमाइदा येथे डोंगरउतारावर १,००४ लहान खाचरे आहेत. यंत्र नेता येत नसल्याने लावणी व कापणी हातानेच होते. २०११ साली नोतोच्या कृषिपद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाची मान्यता मिळाली. भूकंपात खाचरांना भेगा पडल्याने २०२४ मध्ये त्यांपैकी थोड्याच खाचरांत लावणी झाली. त्याच सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने शहरात पूर आला.

पोहोचण्याची सोय

शहरातील रेल्वे २००१ साली बंद झाली. पर्यटक कानाझावाहून रस्त्याने किंवा २००३ साली सुरू झालेल्या नोतो विमानतळामार्गे येतात.